इंजिन बदला, पण वायरिंगचा नकाशा मागून घ्या

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

उन्हाळा तापला की धावत्या गाडीने पेट घेतल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत दिसू लागतात आणि बहुतेकींचा शेवट ‘शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज’ या ओळीवर होतो. गाडी कंपनी फिटिंगची असो की इंजिन बदललेली, ओळ तीच. तार कुठेतरी घासून शॉर्ट झाली असेलही. पण तसे झाले की फ्यूज उडतो आणि प्रकरण तिथेच मिटते; त्यासाठीच तो असतो. मग तो उडाला का नाही? मुळात होता का? होता तर किती अँपिअरचा, आणि बॅटरीपासून किती लांब? ठिणगी पडली असेल, पण पेटायला पेट्रोल कुठून आले? इंजिन बदललेल्या गाडीपुरते तरी हे प्रश्न विचारले, तर उत्तर बहुतेक वेळा वायरिंग करणाऱ्याच्या हातापर्यंत जाऊन पोचते. आम्ही तेच काम करतो, म्हणून हे पत्र.

जुन्या जिप्सीत जुन्या बलेनोचे १.६ लिटरचे इंजिन, झेनमध्ये एस्टीमचे १.३, जुन्या जीपमध्ये मिळेल ते इंजेक्शनचे पेट्रोल इंजिन, अशी कामे आता खान्देशातही होतात. इंजिनासोबत त्याचा मूळ ईसीएम (पेट्रोल आणि ठिणगी ठरवणारा इंजिनाचा कॉम्प्युटर) न वापरता बाजारातला स्वतंत्र ईसीएम बसवायचा, हा त्यातला नवा भाग. कुणी हॅलटेक किंवा लिंकसारखा तयार डबा घेतो, कुणी मेगास्क्वर्ट, तर कुणी अर्डुइनो मेगा बोर्डावर चालणारा स्पीडुइनो स्वतः जुळवतो. डबा महाग असो की स्वस्त, गाडी रस्त्यात बंद पडण्याचे कारण डब्यात क्वचितच असते. ते डब्यापर्यंत येणाऱ्या तारांत असते, आणि दोष मात्र ‘बाहेरच्या कॉम्प्युटर’ला मिळतो.

कायद्याचे आधी सांगून टाकतो, कारण गिऱ्हाइकाला ते बहुधा सगळ्यात शेवटी कळते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसी बुकातला तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. कलम १८२ अ मध्ये मालकाने केलेल्या अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. इंजिन नंबर आरसीवर छापलेला असतो आणि विम्याचा दावा करताना तो पाहिला जातो. म्हणून एमएच १९, १८ किंवा ३९, नोंदणी जिथली असेल त्या आरटीओत इंजिन विकत घेण्याआधी लेखी विचारा. परवानगी मिळणार नसेल तर ती गाडी शेतात, खासगी जागेत किंवा स्पर्धेच्या ट्रॅकवरच चालवा. पुढचे सगळे तांत्रिक मुद्दे मात्र दोन्हीकडे सारखेच लागू होतात. शेतात पेटलेली गाडीही गाडीच.

इंजिन बहुतेक मुंबईच्या कुर्ल्यातून किंवा एखाद्या भंगारवाल्याकडून येते. तिथे इंजिन उतरवताना हार्नेस (इंजिनाच्या तारांचा जुडगा) कुऱ्हाडीने तोडल्यासारखा तोडलेला असतो. सौदा करताना प्रत्येक सेन्सरचा कपलर (तारा जोडणारा प्लॅस्टिकचा सॉकेट) आणि त्याच्यामागे किमान ३० सेंटिमीटर तार मागून घ्या. कपलर नसेल तर त्याच्या पिना शोधण्यात इंजिन चढवण्यापेक्षा जास्त वेळ जातो, आणि न सापडल्यास कारागीर नागडी थिंबल (तारेच्या टोकाची धातूची टोपी) पिनेवर सरकवून वर टेप गुंडाळतो. ‘व्हई जाई भो’ म्हणून गाडी बाहेर पडते आणि पहिल्या पावसात मिसिंग (इंजिनाचे ठोके चुकणे) सुरू होते.

आता सगळ्यात धोक्याचा भाग, पेट्रोल पंप. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलचा दाब पाव बारच्या आसपास असतो, इंजेक्शनच्या इंजिनात अडीच ते तीन बार. म्हणजे दहा-बारा पट. जुनी रबरी नळी आणि साधा स्क्रूचा क्लिप हा दाब फार काळ झेलत नाही. इंजेक्शनसाठीची नळी वेगळी येते, तिच्यावर ‘एसएई जे३० आर९’ असे छापलेले असते. क्लिपही नळीत न रुतणारी, गोल काठाची घ्यावी. त्यात आता पंपांवर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि जुन्या रबराला ते आणखी लवकर खाते.

नळी एक वेळ कुणी बदलतोही. पंपाच्या तारेत मात्र हमखास पळवाट काढली जाते. ईसीएमचे काम असे की चावी फिरवली की पंप सुमारे दोन सेकंद चालवून लाइनमध्ये दाब भरायचा आणि पंप थांबवायचा. पुढे क्रँक सेन्सरकडून इंजिन फिरत असल्याची खूण मिळत राहील तोवरच पंपाच्या रिलेला (बारीक प्रवाहाने जड प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचला) अर्थ, म्हणजे मायनसची जोड, द्यायची. अपघातात इंजिन बंद पडले की पंप आपोआप बंद. ही साखळी नीट जमली नाही की कारागीर पंपाची तार सरळ इग्निशनला जोडून मोकळा होतो. गाडी सुरू होते, गिऱ्हाईक खूश होते. पण उद्या गाडी उलटली, नळी निसटली, तर चावी चालू असेपर्यंत पंप तीन बारने पेट्रोल ओतत राहणार. आमच्या मते इंजिन बदललेल्या गाडीत यापेक्षा मोठा गुन्हा नाही. तपासायची पद्धत सोपी आहे: इंजिन बंद ठेवून चावी चालू करा आणि टाकीजवळ कान लावा. दोन-तीन सेकंदांनंतरही पंपाची गुणगुण चालूच राहिली तर गाडी परत गॅरेजला न्या. शिवाय पंपाच्या रिलेच्या कॉइलच्या तारेत धक्क्याने तुटणारा इनर्शिया स्विच टाकावा. फोर्डच्या बऱ्याच गाड्यांत तो मूळचाच असतो आणि भंगारात सहज मिळतो.

फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून १५ ते २० सेंटिमीटरच्या आत हवा. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली तार कुणीच राखत नसते. ती जितकी लांब तितका धोका. फ्यूज उपकरणाला वाचवण्यासाठी असतो ही समजूत इतकी पक्की बसली आहे, की पंखा मोठा घेतला की फ्यूजही मोठा टाकला जातो, तार मात्र जुनीच. फ्यूज तारेला राखतो. तार ठरली की फ्यूज ठरतो.

आकडे असे. चार सिलिंडरच्या इंजिनात १४ ओहमचे, पेट्रोल फवारणारे चार इंजेक्टर १४ व्होल्टला प्रत्येकी एक अँपिअर घेतात, म्हणजे जास्तीत जास्त चार. पंप पाच ते सात. ऑक्सिजन सेन्सरचा हीटर एक ते दोन. ठिणगीची वीज तयार करणारी इग्निशन कॉइल भरताना क्षणभर सहा-सात अँपिअर ओढते, सरासरी त्याहून बरीच कमी. ईसीएमला स्वतःला एक अँपिअरही लागत नाही. रेडिएटरचा पंखा चालताना १० ते १५ घेतो आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या दुपटीहून अधिक. म्हणून पंख्याला स्वतंत्र रिले, ३० अँपिअरचा फ्यूज आणि चार चौरस मिलिमीटरची तार. पंपाला १५ अँपिअर आणि अडीच चौरस मिलिमीटर. कॉइलच्या प्लसला दीड, इंजेक्टरला पाऊण, सेन्सरला अर्धा चौरस मिलिमीटर पुरे.

पंपाला अडीचची तार जास्त वाटते. हिशेब करून पाहा. एक चौरस मिलिमीटर तांब्याचा रोध मीटरमागे ०.०१७५ ओहम. बॉनेटपासून टाकीपर्यंत चार मीटर, प्रवाह सात अँपिअर. एकची तार टाकली तर जातानाच जवळपास अर्धा व्होल्ट तारेत जिरतो, आणि परतीची अर्थही तेवढ्याच जाडीची ओढली तर आणखी अर्धा. अडीचच्या तारेत हेच नुकसान ०.२ व्होल्टवर येते. हा हिशेब २० अंशांचा. तांबे तापले की रोध प्रत्येक अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. मे महिन्यात भुसावळला सावलीतला पारा ४५ च्या वर असतो, बॉनेटखाली ८० सहज होतात; म्हणजे रोध जवळजवळ पाव पटीने जास्त. पुण्याच्या थंड सकाळी ट्यून केलेली गाडी इथे दुपारी दोनला कमी दाबाने पेट्रोल का देते, त्याचे हे एक कारण. त्याच उष्णतेमुळे घरगुती वायरिंगची तार इंजिनाजवळ वापरू नये. तिचे साधे पीव्हीसी आवरण ७० अंशांसाठी असते. ऑटो केबल १०५ अंशांची मिळते आणि मीटरमागे फरक फारसा नाही.

रिलेबद्दल थोडक्यात. त्याच्या पिनांवर नंबर असतात: ३० वर फ्यूजमधून बॅटरी, ८७ वर उपकरण, ८६ ला चावीचा प्लस, ८५ ईसीएमकडे. ईसीएम अर्थच्या बाजूने रिले ओढतो. रिले सुटताना त्याची कॉइल उलटा झटका देते, तो ईसीएमच्या ट्रान्झिस्टरला मारतो. म्हणून ८५-८६ मध्ये १एन४००७ डायोड, पांढरी पट्टी प्लसकडे. दोन रुपयांची वस्तू आहे, पण उलटी जोडली की ईसीएमने रिले ओढताच थेट शॉर्ट होतो, तेवढे लक्ष ठेवा.

यानंतर अर्थ. या एका विषयावर जितका वेळ घालवाल तितका पुढे वाचेल. जुन्या गाडीत बॉडी म्हणजेच अर्थ, हा संस्कार आहे. दिवे, हॉर्न, सेल्फ सगळे त्यावर चालले. ईसीएमच्या गाडीत अर्थ दोन जातींची असते आणि त्यांची गल्लत चालत नाही. पहिली जड प्रवाहाची: ईसीएमच्या पॉवर अर्थच्या सगळ्या पिना आणि इग्नायटरची (कॉइल चालू-बंद करणाऱ्या स्विचची) अर्थ एकाच ठिकाणी, हेडवर किंवा ब्लॉकवर, रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून बोल्टने आवळायची. बॅटरीचा मायनस जाड केबलने ब्लॉकला, आणि ब्लॉकपासून बॉडीला वेगळी पट्टी. दुसरी सेन्सरची अर्थ: थ्रॉटल, कूलंट, हवेचे तापमान, मॅप (मॅनिफोल्डमधला हवेचा दाब) यांच्या अर्थ एकत्र करून फक्त ईसीएमच्या सेन्सर अर्थच्या पिनेला न्यायच्या. ब्लॉकला नाही, बॉडीला नाही, जवळच्या बोल्टला तर नाहीच.

न पाळल्यास काय होते ते आकड्यात सांगतो. कूलंट सेन्सर म्हणजे तापला की रोध कमी होणारा थर्मिस्टर. बॉशच्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या सेन्सरचा रोध २० अंशांना अडीच हजार ओहम, ८० ला सुमारे ३२३ आणि १०० ला १८७ च्या आसपास असतो. मेगास्क्वर्ट आणि स्पीडुइनोमध्ये त्याला ५ व्होल्टकडून २,४९० ओहमचा रेझिस्टर असतो. इंजिन १०० अंशांवर असताना पिनेवर ०.३५ व्होल्ट दिसायला हवेत. सेन्सरची अर्थ कॉइल आणि हेडलाइटच्या अर्थसोबत एकाच बोल्टवर असेल आणि तिथे ०.२ व्होल्ट चढलेले असतील, तर ईसीएमला सुमारे ०.५३५ दिसतात, त्याच्या हिशेबाने रोध सुमारे २९९ ओहम, म्हणजे तापमान ८३. पंखा ९२ ला लागेल असे सेट केले आहे. इंजिन उकळायला आले आणि ईसीएम शांत! वर तो इंजिन थंड समजून पेट्रोलही थोडे जास्त देतो.

याच चुकीचा दुसरा चेहरा म्हणजे पंख्याचा रिले टकटक वाजत राहणे. पंख्याची अर्थही त्याच बोल्टवर असली की पंखा लागताच व्होल्टेज चढते, ईसीएमला तापमान उतरल्यासारखे दिसते, तो पंखा बंद करतो. पंखा बंद होताच तापमान पुन्हा चढलेले दिसते. गॅरेजमध्ये मग आधी रिले बदलला जातो, मग सेन्सर, मग थर्मोस्टॅट. खरी तपासणी मल्टिमीटरने होते: एक टोक बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खांबावर, दुसरे ईसीएमच्या अर्थच्या पिनेवर, इंजिन चालू, पंखा-हेडलाइट चालू. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर दुसरे काहीही उघडू नका, आधी अर्थ पाहा. सेल्फ मारतानाही हेच मोजा. सेल्फची अर्थ कमजोर असेल तर शंभर-दीडशे अँपिअर मिळेल त्या वाटेने, म्हणजे ईसीएमच्या बारीक तारांतूनही, परतू पाहतात.

क्रँक सेन्सर दोन प्रकारचा. दोन तारांचा चुंबकीय, ज्याला व्हीआर म्हणतात, आणि तीन तारांचा हॉल. हॉलला ५ किंवा १२ व्होल्ट, अर्थ आणि सिग्नल. सिग्नलला एक ते पावणेपाच किलोओहमचा पुल-अप रेझिस्टर (सिग्नलची तार प्लसकडे ओढून धरणारा) लागतो, तो ईसीएमच्या आत आहे की बाहेर टाकायचा हे पुस्तिकेत पाहा. व्हीआर स्वतः वीज निर्माण करतो. ३६ दातांतला एक काढलेले चाक २०० आरपीएमला फिरले तर सेकंदाला सुमारे १२० दात समोरून जातात, आणि त्या वेगाला व्होल्टेज एखाद्या व्होल्टच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. बॅटरी उतरलेली, सेल्फ हळू, अंतर दीड मिलिमीटरपेक्षा जास्त, अशी स्थिती असली की गाडी ढकलून सुरू होते, सेल्फवर होत नाही. अंतर पाऊण ते एक मिलिमीटर ठेवा. व्हीआरच्या दोन तारा उलट झाल्या तर गाडी कधी कधी सुरू होतेही, पण सुट्या (काढलेल्या) दाताजवळ सिग्नल वेडावाकडा होतो, टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) आरपीएमसोबत सरकत जाते आणि तीन-चार हजारांच्या पुढे मिसिंग येते. लॅपटॉपवर ट्यूनरस्टुडिओ या सॉफ्टवेअरचा टूथ लॉगर लावला की समजते: दातांच्या पट्ट्या सारख्या उंचीच्या आणि सुट्या दाताजवळची एकच पट्टी दुप्पट उंच दिसायला हवी. तिच्या शेजारची पट्टी विचित्र दिसली तर तारा उलटवून पाहा. ही तार जाळीची घ्यायची, जाळीला अर्थ फक्त ईसीएमच्या टोकाला द्यायची. दोन्ही टोकांना दिली की जाळीतूनच प्रवाह वाहू लागतो आणि जो गोंगाट थांबवायचा तोच आत येतो. प्लगही रेझिस्टरवाले हवेत. एनजीकेच्या नंबरात ‘आर’ अक्षर असते ते.

इंजेक्टरला प्लस कायम आणि अर्थ ईसीएमकडून. यात एक धोका लपलेला आहे. इंजेक्टरपासून ईसीएमकडे जाणारी तार ब्लॉकला घासून सोलली, की इंजेक्टर सतत उघडा राहतो. त्या सिलिंडरमध्ये पेट्रोल भरते, आणि सेल्फ मारल्यावर द्रव दाबला न गेल्याने कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. त्यामुळे इंजेक्टरच्या तारा मॅनिफोल्डच्या धारेवरून नेऊ नका. जोडण्याआधी प्रत्येकाचा रोध मोजा. १२ ते १६ ओहम असेल तर सरळ जोडा. दोन-तीन ओहम आला तर थांबा. १४ व्होल्टला अडीच ओहम म्हणजे साडेपाच अँपिअर, ईसीएममधल्या साध्या ड्रायव्हरला (इंजेक्टर चालवणाऱ्या ट्रान्झिस्टरला) ते झेपत नाही. त्याला मालिकेत रेझिस्टर किंवा त्या प्रकारचा ड्रायव्हर लागतो.

कॉइलचे तर सगळ्यात जास्त बळी जातात. आधी कॉइलमध्ये इग्नायटर आहे की नाही ते ओळखा. नसेल तर ईसीएमच्या पाच व्होल्टच्या सिग्नलने ती चालत नाही, मध्ये इग्नायटर हवाच. त्यानंतर सेटिंगमधली सिग्नलची दिशा. कॉइल भरण्याची वेळ साधारण तीन मिलिसेकंद. दिशा उलट असेल तर कॉइल तीन मिलिसेकंद बंद आणि उरलेला सगळा वेळ चालू राहते, आणि चावी नुसती लावून ठेवली तरी तापत जाते. पाच-दहा मिनिटांत डांबराचा वास येतो. मेगास्क्वर्टमध्ये नेहमीच्या जोडणीला ‘गोइंग हाय’ निवडतात, स्पीडुइनोची पुस्तिका बहुतेक इग्नायटरसाठी ‘गोइंग लो’ सांगते. एकाची फाइल पाहून दुसऱ्यात आकडे भरणाऱ्यांच्या कॉइल जळतात त्या यामुळे. सेटिंग तपासून होईपर्यंत कॉइलचा फ्यूज काढून ठेवा. कॉइलला फ्यूज वेगळा का द्यायचा, याचेही उत्तर यातच आले.

जोड क्रिंपचा (पीन तारेवर दाबून बसवलेला) असावा, कैचीसारख्या साध्या पकडीने चेपलेला नको. पिनेच्या मापाचे क्रिंपिंग टूल घ्या. दोन पाकळ्या तांब्यावर आणि दोन आवरणावर बसल्या पाहिजेत. मग तार हाताने ओढून पाहा. सोल्डर केलेला जोड टेबलावर मजबूत वाटतो, पण कथील तारेत वर चढते आणि जिथे ते संपते तिथे तार कडक-मऊच्या सीमेवर कंपनाने तुटते. आवरण शाबूत, आत तांबे तुटलेले. असा दोष खड्ड्यात दिसतो आणि गॅरेजमध्ये लपतो. काळी पीव्हीसी टेप इथल्या उन्हात दोन महिन्यांत चिकट लापशी होते. कापडी हार्नेस टेप किंवा गोंदवाली हीटश्रिंक वापरा. फायरवॉलच्या छिद्रात रबरी ग्रोमेट हवाच. आणि उंदीर! केळीच्या वखारीशेजारी किंवा गोठ्यात उभ्या राहणाऱ्या गाडीची तार उंदराने कुरतडणे इथे नेहमीचे. सेन्सरच्या तारा तरी जाड नालीदार पाइपमधून न्या.

पहिल्यांदा सुरू करण्याचा क्रम चुकवू नये. ईसीएमचा कपलर न लावता चावी चालू करून प्रत्येक पिनेवर काय आहे ते मोजा: प्लसच्या पिनेवर बॅटरी, अर्थच्या पिनेवर शून्य, सेन्सरच्या पिनांवर १२ व्होल्ट कुठेही नाहीत. चावी बंद केल्यावर १२ व्होल्ट जातात का, तेही पाहा. पंखा किंवा दुसऱ्या रिलेतून उलटा प्रवाह येऊन ईसीएम चालूच राहिला, तर सकाळी बॅटरी मेलेली. मग कपलर लावून लॅपटॉपवर वाचा. थंड इंजिनाचे कूलंट आणि हवेचे तापमान जवळजवळ सारखे दिसायला हवे. थ्रॉटल बंद असताना साधारण अर्धा व्होल्ट आणि पूर्ण उघडल्यावर साडेचारच्या आसपास, मध्ये कुठेही उडी नको. इंजिन बंद असताना मॅप जळगावात ९८ किलोपास्कलच्या आसपास, तोरणमाळला नेली तर ८८-८९; ३० किंवा १३० दिसले तर सेन्सरचा प्रकार चुकीचा निवडला आहे. त्यानंतर इंजेक्टरचा फ्यूज काढून सेल्फ मारा. १५० ते २५० आरपीएम स्थिर दिसले आणि सिंक (ईसीएमचा क्रँकच्या चाकाशी ताळमेळ) तुटल्याचा आकडा वाढत नसेल, तर सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग १० अंशांवर स्थिर करा आणि टायमिंग लाइटने पुलीवरची खूण जुळवा. लॅपटॉप १० म्हणतो आणि पुली २० दाखवते, अशी गाडी चालते, पण भार आला की नॉक होते (इंजिन ठोकू लागते). इंजेक्टरचा फ्यूज सगळ्यात शेवटी.

ईसीएममध्ये पेट्रोलचा नकाशा (किती पेट्रोल द्यायचे याचा तक्ता) भरताना परदेशी फाइलमधले १४.७ हे हवा-इंधन प्रमाण धरून बसू नका. ते शुद्ध पेट्रोलचे. आपल्या पंपावरच्या ई२० ला साधारण १३.५ लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के इंधन जास्त. वाइडबँड मीटर (धुरातल्या ऑक्सिजनवरून हवा-इंधन प्रमाण सांगणारा) लॅम्ब्डामध्ये, म्हणजे आदर्श प्रमाणाच्या पटीत, वाचला तर हा घोळ होत नाही, १.० म्हणजे १.०, इंधन कुठलेही असो. हा सेन्सर सायलेन्सरच्या पाइपात आडव्यापेक्षा किमान १० अंश वर तोंड करून बसवा आणि त्याचा हीटर इंजिन सुरू झाल्यावरच चालू होईल असे करा. साचलेल्या पाण्याचा थेंब तापलेल्या सिरॅमिकवर पडला की तडा जातो.

गॅरेजच्या काही जुन्या सवयीही सोडाव्या लागतील. डायनॅमो चार्ज करतो की नाही हे पाहायला चालू इंजिनात बॅटरीची तार काढणे, ही त्यातली पहिली. कार्ब्युरेटरच्या काळात ते खपून गेले. आज त्या क्षणी बारा व्होल्टच्या वायरिंगवर कित्येक पट व्होल्टेज उसळते आणि ईसीएम जातो. मल्टिमीटर बॅटरीवर लावा, १४ च्या आसपास दिसले की डायनॅमो ठीक. वेल्डिंग करताना बॅटरी आणि ईसीएमचा कपलर, दोन्ही काढा. आणि हायवेवर बॅटरी उतरली म्हणून ट्रकवरून जंप घेऊ नका. ट्रकची वायरिंग २४ व्होल्टची असते.

गिऱ्हाइकांनी गॅरेजकडून काम ताब्यात घेताना तीन गोष्टी मागाव्यात, अशी विनंती आपल्या दैनिकातून पोचावी. पिननिहाय वायरिंगचा नकाशा, तारेच्या रंगासकट. कोणता फ्यूज किती अँपिअरचा आणि कशाचा, याचा तक्ता. आणि ईसीएममधली अंतिम सेटिंगची फाइल पेनड्राइव्हवर. कारागिराने नकाशा काढला नसेल तर गाडी रस्त्यात बंद पडल्यावर दुसरा कुणीही ती दुरुस्त करू शकत नाही, आणि मग पंप सरळ करण्याची पळवाट पुन्हा सुरू होते. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या मुलांकडूनही एकेक हार्नेस करून घ्यावा, त्यात क्रिंप ओढून पाहण्याला आणि अर्थचा व्होल्टेज ड्रॉप मोजण्याला गुण ठेवावेत. त्यासाठी महागडा ईसीएम लागत नाही. जुने इंजिन, मल्टिमीटर, क्रिंपिंग टूल आणि दोन-चार रिले पुरतात.

आणि बातमीदारांना एवढेच सुचवायचे आहे: पुढच्या वेळी पंचनाम्यात ‘शॉर्टसर्किट’ लिहिले गेले, तर मुख्य फ्यूज कुठे होता आणि पेट्रोल पंपाचा रिले कोण चालवत होते, हे दोन प्रश्न विचारावेत.

आपले,
भुसावळ, यावल आणि जळगाव परिसरातील काही ऑटो इलेक्ट्रिशियन